पी०१७१ आणि पी०३०४ एकत्र येतायत, ऑक्सिजन सेन्सर बदलूनही लाइट परत लागली

दुसरा_गियर

नमस्कार मंडळी. पेट्रोल गाडी आहे, दीड लिटर, चार सिलिंडर, मॅन्युअल. गेले काही आठवडे सकाळी चालू केली की आयडलला थरथरते, अगदी स्टिअरिंगपर्यंत जाणवतं, मग गरम झाली की बरीचशी शांत होते पण पूर्ण नाही. चेक इंजिन लाइट लागली म्हणून गॅरेजला नेली, त्यांनी स्कॅनर लावला, म्हणाले पी०१७१ आहे, मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) दाखवतंय म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला. बदलला. लाइट बंद झाली आणि थोड्याच दिवसांत परत हजर. आता म्हणतायत चारही प्लग आणि चारही कॉइल टाकू, त्याने नाही गेलं तर इंजेक्टर उतरवून साफ करू. म्हणजे एकेक पार्ट टाकून बघायचं, असंच चाललंय असं वाटतंय. म्हणून मी तो छोटा ब्लूटूथवाला ईएलएम३२७ अडॅप्टर घेतला आणि फोनवर ॲप टाकलं. त्यात पी०१७१ कन्फर्म्ड दाखवतंय आणि पेंडिंगमध्ये पी०३०४. अजून मी काहीच डिलीट केलेलं नाही. ॲपमध्ये ढीगभर आकडे पळत असतात पण त्यातलं बघायचं काय आणि सुरुवात कुठून करायची तेच कळेना. कोणी जाणकार सांगेल का?

कोरा_प्लग

क्लिअर मारा आणि चालवत राहा भाऊ, परत आली तर बघू. माझी तर लाइट एवढी नियमित लागते की मिटरचा भाग समजून सोडून दिलंय 😄

मल्टिमीटर

क्लिअर अजिबात मारू नका, निदान आत्ता तरी. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम म्हणून एक प्रकार सेव्ह होतो, म्हणजे कोड लागला त्या क्षणी आरपीएम किती होते, गाडीचा स्पीड किती, कूलंट किती गरम, लोड किती, फ्युएल ट्रिम (इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, हिशोबापेक्षा पेट्रोल किती टक्के जास्त-कमी देतोय) किती, हे सगळं. क्लिअर दाबलं की कोडसोबत तेही जातं, आणि तुमच्या केसमध्ये तेच सगळ्यात कामाचं आहे. शिवाय गाडीने स्वतःच्या ज्या चाचण्या पूर्ण केलेल्या असतात त्याही परत शून्यावर येतात.

आता कोड काय म्हणतोय ते बघा. पी म्हणजे पॉवरट्रेन, इंजिन-गियरबॉक्सचं खातं (बी बॉडीचं, सी चेसिसचं, यू म्हणजे मॉड्यूलचं आपसातलं बोलणं). पुढचा आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना कॉमन, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, आणि तिथे नेटवर कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा अर्थ वाचून पार्ट मागवू नका, एकाच नंबरचा अर्थ दोन कंपन्यांत वेगळा निघतो. त्याच्या पुढचा १ म्हणजे हवा-इंधनाचा विभाग आणि ३ म्हणजे इग्निशन-मिसफायर. म्हणून पी०३०४ म्हणजे चार नंबर सिलिंडर मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाहीये. आणि पी०१७१ म्हणजे बँक १ (सिलिंडरची एक ओळ) लीन, चार सिलिंडरच्या साध्या गाडीत बँक एकच असते.

पण लीन हे ईसीयूला कळलं कसं? सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन जास्त आहे असं सेन्सर सांगतोय, म्हणून ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडं ठेवतोय, तरीही सेन्सर लीनच म्हणतोय, म्हणून अजून वाढवतोय. ही वाढ साधारण २०-२५ टक्क्यांच्या पुढे जाऊन तिथेच राहिली की ईसीयू हात टेकतो आणि हा कोड लावतो. मेलेला सेन्सर असेल तर सहसा त्याचे स्वतःचे वेगळे कोड येतात, पी०१३० पासून पुढचे. इथे सेन्सर बोलतोय, आणि बहुतेक खरं बोलतोय.

तेव्हा एवढं टाका इथे: फ्रीझ फ्रेममधले सगळे आकडे, इंजिन गरम झाल्यावर आयडलला शॉर्ट टर्म (क्षणाक्षणाला बदलणारा) आणि लाँग टर्म (ईसीयूने शिकून ठेवलेला) फ्युएल ट्रिम, मग उभ्या गाडीत २५०० आरपीएम धरून ठेवून तेच दोन आकडे. आणि गाडीत एमएएफ (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर) आहे की फक्त एमएपी (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा) तेही सांगा. एमएएफ असेल तर आयडलला ग्रॅम पर सेकंद किती दाखवतो ते पण.

दुसरा_गियर

मल्टिमीटर दादा धन्यवाद, एवढं तर मला कोणीच समजावलं नव्हतं. फ्रीझ फ्रेम: आरपीएम ७६०, स्पीड ०, कूलंट ५८ डिग्री, लोड २४ टक्के, शॉर्ट टर्म +८.६, लाँग टर्म +१७.२.

आत्ता गरम इंजिनवर आयडलला शॉर्ट टर्म +५ ते +९ मध्ये नाचतोय आणि लाँग टर्म +१६ च्या आसपास. २५०० ला धरलं तर शॉर्ट टर्म ० ते -२ आणि लाँग टर्म +४. एमएएफ आहे, एअर फिल्टरच्या डब्यानंतर लगेच बसवलाय, आयडलला २.१ दाखवतोय.

मल्टिमीटर

झालं की मग, अर्धं काम तुम्हीच केलंत. दोन्ही ट्रिमची बेरीज बघायची असते. फ्रीझ फ्रेममध्ये जवळजवळ २६ टक्के, आत्ता गरम आयडलला २१ ते २५, आणि २५०० ला फक्त २ ते ४. (१० टक्क्यांच्या आत असेल तर मी मनावर घेत नाही.) म्हणजे गाडी उभी असताना बोंब आणि आरपीएम वाढवले की सगळं सुरळीत. असं होतं तेव्हा एमएएफच्या पुढे, इंजिनच्या बाजूला, कुठूनतरी चोरून हवा आत जातेय. आयडलला थ्रॉटल जवळपास बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जोरात असतो, तेव्हा एखाद्या फटीतून येणारी हवा एकूण हवेच्या मानाने खूप मोठी ठरते. थ्रॉटल उघडला की एकूण हवा कितीतरी पट वाढते आणि व्हॅक्यूमही उतरतो, मग फटीची हवा कुठल्या कुठे हरवून जाते. एमएएफचा २.१ सुद्धा दीड लिटरला मला थोडा कमीच वाटतोय. उरलेली हवा त्याच्या समोरून गेलेलीच नाही, तर तो मोजणार काय.

पंप कमजोर असता किंवा फ्युएल फिल्टर चोक असता तर बरोब्बर उलटं दिसलं असतं, आयडलला ठीक आणि चढावर जोर लावला की ट्रिम वर वर जाणार. मळलेला एमएएफही साधारण तसाच, हवा जास्त जायला लागली की कमी मोजतो.

तेलकट_हात

आकडे वाचलेत बरोबर पण निकाल लगेच देऊ नका. नुकताच सेन्सर बदललाय ना? तो नीट कसला नसेल किंवा सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा असेल तर बाहेरची हवा तिथून ओढली जाते आणि सेन्सर लीन सांगतो. आणि तेही आयडललाच जास्त दिसतं, जोर दिला की जातं. मी ही कामं रोज करतो, दोन्हींचे आकडे अगदी सारखे आलेले पाहिलेत.

दुसरं, बाकी वाचणाऱ्यांसाठी. बऱ्याच छोट्या गाड्यांत एमएएफ नसतोच, फक्त एमएपी असतो. तिथे लीकची हवा आत आली की मॅनिफोल्डचं प्रेशर वाढतं, एमएपीला ते दिसतं आणि ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोलही वाढवतो, म्हणून लीन कोडच्या आधी आयडल चढलेलं दिसतं. तिथे हा वरचा हिशोब जसाच्या तसा लावू नका.

मल्टिमीटर

एक्झॉस्टचा मुद्दा मान्य. पण तसं असेल तर मिक्श्चर खरं लीन नसतं, सेन्सर फसलेला असतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवत बसतो. मग इंजिन खरंतर रिच (पेट्रोल जास्त) चालतं, प्लग काळे पडतात, मागे पेट्रोलचा वास येतो. आणि मग एकट्या चार नंबरलाच मिसफायर का? म्हणून प्लग काढून रंग बघितला की आपल्या दोघांतलं भांडण मिटेल.

तेलकट_हात

चालेल. प्लग काढतोयच तर कॉइलही अदलाबदल करून घे, चारची दोनवर आणि दोनची चारवर. मिसफायर दोनवर गेला तर कॉइल, चारवरच राहिला तर कॉइलची सुटका. प्लग मात्र आत्ता हलवू नको, एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर नंतर कशाने काय झालं कळत नाही. आणि थंड इंजिन चालू करताना बोनट उघडं ठेवून ऐक, एक्झॉस्ट लीक असेल तर टिक टिक टिक आवाज येतो आणि लोखंड तापून फुगलं की कमी होतो.

अजून एक, लाइट नुसती लागलेली असेल तर ठीक, पण ब्लिंक व्हायला लागली तर गाडी दामटू नको. मिसफायर इतका आहे की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिकमध्ये (धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये) जाऊन तिथे जळतंय, असा त्याचा अर्थ. काल मिसफायर आणि आज पी०४२० (कॅटॅलिटिक नीट काम करत नाही) घेऊन येणारे खूप असतात.

लांबचा_प्रवास

धागा भरकटवतोय त्याबद्दल सॉरी पण विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्याकडे पी०११३ येतोय, इनटेक एअर टेम्परेचर हाय इनपुट. नावात हाय आहे म्हणून मला वाटलं हवा जास्त तापतेय, पण ॲपमध्ये बघितलं तर तापमान -४० दाखवतंय! हे काय गौडबंगाल?

मल्टिमीटर

हाय म्हणजे व्होल्टेज हाय, तापमान नाही. तो थर्मिस्टर असतो, थंडीत त्याचा रेझिस्टन्स वाढतो. वायर तुटली किंवा कपलर निघाला की रेझिस्टन्स अनंत, व्होल्टेज थेट ५ च्या जवळ, आणि ईसीयूच्या हिशोबात ते -४० होतं. स्क्रीनवर -४० दिसलं की आधी सर्किट कुठे तुटलंय ते शोधायचं.

तुमचा सेन्सर दोन वायरचा वेगळा असेल तर कपलर काढा आणि कपलरच्या दोन पिना एका वायरच्या तुकड्याने जोडून ॲपमध्ये बघा. तापमान एकदम १२० च्या वर उडालं तर वायरिंग आणि ईसीयू शाबूत, सेन्सर बदला. -४० लाच चिकटून राहिलं तर सेन्सर बदलून काही होणार नाही, वायर शोधा. मात्र बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर एमएएफच्या आतच असतो आणि कपलरला चार-पाच पिना असतात. तिथे डायग्राम हातात असल्याशिवाय पिना जोडायचा उद्योग करू नका, ईसीयू जाळाल.

कोरा_प्लग

मग माझंही सांगा आता. पाचसहा कोड आहेत, दोन यू ने सुरू होतात, एक स्टिअरिंगचा, एक एबीएसचा, एक थ्रॉटलचा. कुठला आधी धरू?

तेलकट_हात

कुठलाच नाही, आधी बॅटरी. एकमेकांशी संबंध नसलेले कोड एकदम आले की मी स्कॅनर बाजूला ठेवतो आणि मीटर घेतो. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली पडतंय का, चालू गाडीत १३.५ ते १४.५ मध्ये आहे का, बॅटरीचे टर्मिनल आणि बॉडीचं अर्थिंग गंजलंय का. व्होल्टेज पडलं की मॉड्यूल अधूनमधून झोपतात आणि बाकीचे त्यांच्या नावाने तक्रार नोंदवतात.

बॅटरी बरी निघाली आणि तरी कोड राहिले तर मग ओबीडी सॉकेट, स्कॅनर लावतो ते. सोळा पिनांपैकी ६ आणि १४ या कॅनच्या, म्हणजे मॉड्यूल ज्यावरून आपसात बोलतात त्या तारांच्या. बॅटरीची वायर काढून त्या दोघींमध्ये ओहम मोजायचे, साधारण ६० यायला हवेत कारण दोन्ही टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याच्या जवळ आलं तर शॉर्ट आहे. आणि कोड सगळे सेन्सरचेच असतील, तेही एकाच ५ व्होल्टच्या लायनीवरचे, तर एकेका सेन्सरचा कपलर काढत जायचं. ज्याचा काढल्यावर लाईनवर ५ व्होल्ट परत येतात तो चोर, बाकीचे बिचारे त्याच्यामुळे बदनाम.

कोरा_प्लग

बॅटरी तशी म्हातारीच आहे राव. बघतो.

दुसरा_गियर

अपडेट देतो. कॉइल चारची दोनवर टाकली, मिसफायर चारवरच राहिला, म्हणजे कॉइल नाही. प्लग काढून बघितले, चार नंबरचा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट पांढरा आहे, काळा तर अजिबात नाही. थंड इंजिनवर टिक टिक पण ऐकू आली नाही. आता लीक शोधायचा कसा? स्मोक मशीन काय माझ्याकडे नाही.

मल्टिमीटर

पांढरा प्लग म्हणजे तिथे खरोखर लीन जळतंय, तेव्हा सेन्सर फसल्याचं बाद झालं. आणि फक्त चार नंबर, म्हणजे हवा सगळ्यांना सारखी वाटली जात नाहीये. फट थ्रॉटलजवळ असती तर चारही थोडे थोडे लीन झाले असते. ती चारच्या रनरजवळच (त्या सिलिंडरला जाणाऱ्या हवेच्या नळीजवळ) कुठेतरी असणार.

मशीनशिवाय असं करा. इंजिन आयडलला, ॲपमध्ये शॉर्ट टर्मचा ग्राफ लावून फोन समोर ठेवा. मग मॅनिफोल्डला येणारे रबरी पाइप एकेक करून पकडीने हलकेच चिमटा, ब्रेक बूस्टरचा, पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातली वाफ ओढणारा), पर्ज व्हॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ ओढणारा). ज्याच्या पलीकडे लीक आहे तो दाबला की ट्रिम खाली घसरलेला दिसेल. प्लास्टिकचे कडक पाइप चिमटू नका, तडकतील, नवीन लीक तयार व्हायचा. पकडीभोवती कापड गुंडाळलंत तर रबरही खराब होत नाही.

पाइपांमध्ये काही नाही सापडलं तर मॅनिफोल्ड आणि हेडच्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा. फट असेल तिथे पाणी ओढलं जातं, क्षणभर फट बुजते आणि आयडलचा आवाज बदलतो. लोक कार्ब क्लीनर मारतात, लवकर कळतं हे खरं, पण शेजारी तापलेला एक्झॉस्ट आणि उघडी ठिणगी असली तर भडका उडू शकतो. पाण्यानेही काम होतं, फक्त कॉइल आणि कपलरवर मारू नका. आणि हे थंड इंजिनवरच करा, तुमचा त्रास थंडीतच जास्त आहे.

तेलकट_हात

फवाऱ्याच्या आधी मॅनिफोल्डचे नट हाताला लागतील तेवढे तपास, टोकाचे खासकरून. आणि ढिला सापडला तर एकटाच पिळून घट्ट करू नको, मधून बाहेर या क्रमाने, टॉर्क रेंचने. प्लास्टिकचं मॅनिफोल्ड असेल तर जास्त जपून.

दुसरा_गियर

सापडलं!! पाइप सगळे चिमटून झाले, ट्रिम ढिम्म हलला नाही. मग पाण्याचा फवारा, चार नंबरच्या खालच्या बाजूला मारला आणि इंजिनचा आवाजच बदलला, ग्राफही लगेच खाली आला, परत मारला परत तेच. टोकाचा नट ढिला होता पण तो कसूनही थोडासाच फरक पडला, म्हणून मॅनिफोल्ड उतरवायला लावलं (दुसऱ्या माणसाकडून). गॅस्केट चारच्या बाजूला कडक होऊन चपटं झालेलं, एका ठिकाणी चीर. नवीन गॅस्केट टाकलं. प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळं जुनंच आहे.

मग क्लिअर मारलं. आता आयडलला लाँग टर्म +२, शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास, एमएएफ २.६. थरथर गेली. पण ॲपमध्ये रेडिनेसच्या पानावर कॅटॅलिस्टसमोर आणि ईव्हॅपसमोर (टाकीतल्या वाफेची चाचणी) अजून नॉट रेडी लिहिलंय. काही राहिलंय का?

मल्टिमीटर

छान काम! एमएएफ २.१ चा २.६ झाला यातच सगळं आलं, चोरून जाणारी हवा आता रीतसर मोजली जातेय.

नॉट रेडी म्हणजे खराब नव्हे, चाचणी अजून झालेली नाही एवढंच. क्लिअर केल्यावर असं होणारच. मिसफायर आणि फ्युएल सिस्टिमच्या चाचण्या सतत चालू असतात म्हणून त्या आधीच रेडी दिसत असतील. कॅटॅलिस्टला गरम इंजिनवर एकसारख्या स्पीडने बराच वेळ चालवावं लागतं, सिग्नलच्या गर्दीत ती पूर्ण होत नाही. त्यावेळी मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा ग्राफ सहज बघून ठेवा, ०.६-०.७ व्होल्टला बऱ्यापैकी सपाट असेल तर कॅटॅलिटिक ठीक. पुढच्यासारखा ०.१ ते ०.९ वर-खाली करत असेल तर मिसफायरने थोडं नुकसान केलंय असं समजा. (पुढचा वाइडबँड असेल तर त्याचे व्होल्ट असे दिसत नाहीत, मागचाच बघा.)

ईव्हॅप सगळ्यात नखरेल. गाडी रात्रभर थंड झालेली हवी आणि टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये, फुल्ल टाकीवर किंवा रिझर्व्हवर ती चाचणी सुरूच होत नाही.

दुसरा_गियर

टाकी कालच फुल्ल केलीय 😅 बरं, आणि क्लिअर मारलंच नसतं तर लाइट आपोआप गेली असती का?

तेलकट_हात

गेली असती. सलग तीन ड्राइव्ह सायकलमध्ये दोष दिसला नाही की लाइट विझते, कोड मेमरीत राहतो आणि ४० वेळा इंजिन गार होऊन गरम झालं की तोही पुसला जातो. काही गाड्यांत पर्मनंट कोड म्हणून वेगळी यादी असते, ती स्कॅनरने पुसताच येत नाही, चाचणी पास झाली की गाडी स्वतः काढते. तुझ्या ॲपमध्ये तसा टॅब असेल तर त्यात पी०१७१ अजून काही दिवस दिसेल, घाबरू नको. टाकी थोडी उतरू दे आणि मग बघ.